हान साम्राज्याचं दप्तर वाचणारा अभ्यासक

चीनच्या वायव्येला, गोबी वाळवंटाच्या कडेनं एत्सिन-गोल नावाची नदी उत्तरेकडे वाहते आणि वाळवंटातच जिरून जाते. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी हान साम्राज्याच्या टेहळणी बुरुजांची रांग उभी होती. प्रत्येक बुरुजावर मोजके शिपाई. उत्तरेकडून श्योंगनू या भटक्या टोळ्यांचे घोडेस्वार येताना दिसले, तर दिवसा धूर आणि निशाण, रात्री जाळ, अशा खुणेनं शेजारच्या बुरुजाला कळवायचं. एरवी मातीच्या विटा पाडायच्या, जळण गोळा करायचं. बुरुजासमोरचा वाळूचा पट्टा रोज सारखा करायचा, म्हणजे रात्री कुणी तो ओलांडला तर सकाळी पावलं दिसतात. आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद लाकडाच्या पट्टीवर करायची.

नोंदी हरेक गोष्टीच्या आहेत. एका शिपायाचा महिन्याचा शिधा किती, त्यानं तो उचलला की दुसऱ्या कुणी त्याच्या नावावर नेला, कुठल्या धनुष्याची दोरी झिजली, डाकेची थैली कुठल्या बुरुजावर किती वाजता पोचली, ती उशिरा का पोचली. या नोंदींवरून एक साम्राज्य कसं चालतं हे समजून घेण्यात मायकेल लोवी या ब्रिटिश इतिहासकारानं साठ वर्षं घालवली. २ नोव्हेंबर १९२२ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचा जन्म झाला आणि १ जानेवारी २०२५ रोजी, १०२ वर्षांचे असताना ते गेले. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण इतिहासकार नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं तर मला त्यांच्या कामाचंच उदाहरण द्यावंसं वाटतं.

काळ कुठला आणि अडचण कुठली

चीनच्या इतिहासात ‘सुरुवातीचा साम्राज्यकाळ’ म्हणतात तो साधारण इ.स.पू. २२१ ते इ.स. २२० असा सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांचा. इ.स.पू. २२१मध्ये छिन राज्यानं बाकीची सगळी राज्यं जिंकली आणि त्याचा राजा पहिला सम्राट झाला. हे घराणं जेमतेम पंधरा वर्षं टिकलं. मग आलं हान घराणं. मध्ये इ.स. ९ ते २३ अशी वांग मांग या सत्ता बळकावणाऱ्याची चौदा वर्षं सोडली, तर ते चारशे वर्षं राहिलं. इ.स. २च्या शिरगणतीत हान साम्राज्याची लोकसंख्या सहा कोटींच्या थोडी आतच भरते. शंभराहून जास्त प्रांत होते, आणि पंतप्रधानापासून हाताखालच्या कारकुनापर्यंत सरकारी माणसं सव्वा लाखाच्या आसपास. त्या काळी एवढा मोठा कारभार जगात रोम सोडलं तर कुठेच नव्हता.

या काळाबद्दल आपल्याला कळतं ते मुख्यतः दोन ग्रंथांतून. पहिला सिमा छ्येन यांचा. ते सम्राट वू याच्या दरबारात होते. शत्रूला शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू घेतली म्हणून त्यांना वृषणच्छेदाची शिक्षा झाली. प्रतिष्ठित माणसानं अशा वेळी जीव द्यावा असा तेव्हाचा संकेत. पण ग्रंथ अपुरा राहील म्हणून ते अपमान गिळून जगले. दुसरा ग्रंथ बान गू यांचा. ते इ.स. ९२मध्ये तुरुंगात मेले आणि राहिलेलं काम त्यांची बहीण बान झाओ हिनं पुरं केलं. दोन्ही ग्रंथ अफाट आहेत आणि अजूनही वाचनीय आहेत. पण ते राजधानीत बसून लिहिलेले आहेत. त्यांत सम्राट आहेत, राण्या आहेत, सेनापती, कारस्थानं, मोठमोठी भाषणं आहेत. वाळू सारखी करणारा शिपाई नाही. शिवाय बान गू यांचा ग्रंथ ज्या घराण्याच्या अमलाखाली लिहिला गेला, त्याच घराण्याचं राज्य पुन्हा स्थापन होणं कसं न्याय्य होतं हे त्याला दाखवायचं होतं. त्यामुळे वांग मांग त्यात खलनायक झाला नसता तरच नवल.

मराठी वाचकाला ही अडचण नवी नाही. बखर विरुद्ध अस्सल कागद हा वाद आपण शंभर वर्षं ऐकत आलो. बखरीतली गोष्ट रंगतदार असते, पण राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव हिंडून रुमाल सोडायचा तो पत्रांसाठी आणि हिशोबांसाठी, कारण ती कुणी पुढच्या पिढीला पटवायला लिहिलेली नसतात. हान काळाच्या अभ्यासकाकडे दोन हजार वर्षं नुसत्या बखरीच होत्या. कागद, म्हणजे खरं तर लाकूड आणि बांबू, हाताला लागले ते विसाव्या शतकात. लोवी यांची कारकीर्द नेमकी या बदलाच्या काळात घडली.

युद्धातून चीनकडे

घरात अभ्यासाची परंपरा होती. वडील हर्बर्ट लोवी हिब्रू आणि ज्यू धर्मग्रंथांचे विद्वान, भाऊ रफाएलही त्याच विषयातला. मायकेल मात्र शाळेत आणि ऑक्सफर्डला लॅटिन-ग्रीक शिकत होते. डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरला. तेव्हा ब्रिटनकडे जपानी वाचता येणारी माणसं फारच थोडी होती. मग विद्यापीठांतून ग्रीक-लॅटिन शिकणारी हुशार मुलं निवडायची आणि त्यांना झटपट जपानी शिकवायचं असं ठरलं. बेडफर्डमध्ये ऑस्वल्ड टक हे नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन वर्ग घ्यायचे. सहा महिन्यांत लेखी जपानी शिकवणं अशक्य आहे, असं जाणकारांचं म्हणणं होतं. टक यांच्या मुलांनी ते खोटं ठरवलं. १९४२मध्येच लोवी ब्लेचली पार्क या संकेतभेद केंद्रात जपानी नौदलाच्या गुप्त संदेशांवर काम करू लागले.

इथे मोह होतो. तुटके संदेश जुळवणारा तरुण पुढे तुटक्या पट्ट्या जुळवणारा विद्वान झाला, अशी सुबक गोष्ट तयार होते. माझ्या मते ती फार ताणू नये. त्या वर्गातून आणि त्या केंद्रातून गेलेली बहुतेक मंडळी युद्धानंतर आपापल्या वाटांनी गेली. लोवींच्या बाबतीत खात्रीनं एवढंच म्हणता येईल की जपानी शिकताना चिनी लिपीशी गाठ पडली आणि ती सुटली नाही. त्याच ब्लेचली पार्कमध्ये कार्मेन ब्लॅकर नावाची एक मुलगी जपानी शब्दांची कार्डं करत होती. पुढे ती जपानी लोकधर्माची मोठी अभ्यासक झाली आणि आयुष्याच्या उतरणीला, २००२मध्ये, दोघांनी लग्न केलं.

युद्धानंतर लोवी सरकारी नोकरीतच राहिले. १९४७मध्ये पेकिंगला (आजच्या बीजिंगला) काही महिने मुक्काम झाला. तिथून आल्यावर नोकरी सांभाळून लंडनमध्ये चिनी भाषेचा पदवी अभ्यासक्रम केला आणि १९५१ साली पहिल्या वर्गात पास झाले. १९५६मध्ये नोकरी सोडून लंडन विद्यापीठात अध्यापक झाले, तेव्हा वय तेहतीस. १९६३ साली पीएच.डी. झाली आणि त्याच वर्षी केंब्रिजला गेले ते १९९०मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच. कारकिर्दीचा सांगाडा एवढाच, आणि तो तसा साधाच आहे. आता त्या पट्ट्यांकडे वळू.

दहा हजार पट्ट्यांची वणवण

स्वीडिश प्रवासी स्वेन हेदिन यांनी चिनी विद्वानांबरोबर एक मोठी मोहीम काढली होती. त्या मोहिमेतले पुरातत्त्वज्ञ फोल्के बर्गमन यांना १९३०-३१मध्ये एत्सिन-गोलच्या काठी, जुयान नावाच्या जुन्या लष्करी हद्दीत, सुमारे दहा हजार लिहिलेल्या पट्ट्या मिळाल्या. त्याआधी पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना वायव्य चीनमधल्याच दुनहुआंगजवळ काही शे पट्ट्या सापडल्या होत्या आणि एदुआर शावान या फ्रेंच पंडितानं १९१३मध्ये त्या छापल्याही होत्या. पण संख्येत जुयानशी त्यांची तुलना नाही. वाळवंटातल्या कोरड्या हवेनं लाकूड टिकलं, आणि आणखी गमतीची गोष्ट म्हणजे यातल्या पुष्कळशा पट्ट्या टाकून दिलेल्या होत्या. उकिरड्यावर फेकलेलं दप्तर इतिहासाला सापडलं.

पट्ट्या पेकिंगला आल्या. वाचन सुरू झालं तोवर १९३७मध्ये जपानी फौजा शहरात शिरल्या. पट्ट्या गुपचूप बाहेर काढून हाँगकाँगला नेल्या, तिथेही धोका दिसू लागल्यावर अमेरिकेत वॉशिंग्टनला पाठवल्या. १९६५मध्ये त्या तैवानला परत आल्या आणि आजही तिथेच आहेत. मधल्या काळात लाओ गान हा चिनी विद्वान युद्धामुळे सिचुआनमधल्या एका खेड्यात विस्थापित होऊन राहिला होता. हातात मूळ पट्ट्या नाहीत, फक्त फोटो. त्या फोटोंवरून त्यानं हजारो पट्ट्यांचा मजकूर उतरवून काढला आणि १९४३-४४मध्ये साध्या शिळाप्रेसवर छापला. लोवींचं नाव या लेखात जास्त येतं, पण पाया लाओ गान यांचा आहे. त्यानंतर क्योतोमध्ये मोरी शिकाझो यांच्या गटानं जपानी शिस्तीत या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं बैठका घेतल्या.

एक पट्टी हान काळातल्या एका फुटाएवढी, म्हणजे आजच्या मापात साधारण २३ सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद असे. तिच्यावर वरून खाली एका ओळीत तीस-चाळीस अक्षरं मावतात. लांब मजकूर असला की पट्ट्या दोरीनं शेजारी शेजारी बांधून गुंडाळी करायचे. दोरी कुजली की गुंडाळी सुटते, पट्ट्या विखुरतात, काही मोडतात, काही सरपण म्हणून जळतात. म्हणजे सापडतं ते असं: ‘...तिसऱ्या बुरुजाचा शिपाई अमुक, धान्य...’ आणि पुढे काही नाही.

लाओ गान यांनी पट्ट्या विषयवार लावल्या होत्या. शिधा एका ठिकाणी, शस्त्रं दुसऱ्या, डाक तिसऱ्या. लोवींनी प्रश्न वेगळा विचारला. कचेरीतल्या कारकुनानं ही पट्टी लिहिली तेव्हा ती कुठल्या नोंदवहीचं पान होती? १९५७मध्ये तैवानात पट्ट्यांचे फोटो प्रसिद्ध झाले होते आणि त्याच सुमाराला स्वीडिश मोहिमेचा उत्खनन-अहवालही आला. त्यामुळे कुठली पट्टी कुठल्या जागी सापडली ते ताडता येऊ लागलं. मग जागा एक, हस्ताक्षर एक, ओळींची मांडणी एक, पट्टीचं माप एक, मजकुराचा साचा एक, अशा कसोट्या लावून लोवींनी सुट्या पट्ट्यांमधून मूळ नोंदवह्या पुन्हा उभ्या केल्या. १९६७ साली केंब्रिजनं ते काम दोन खंडांत छापलं. चिनी आणि जपानी विद्वानांचं आधीचं काम घेऊन त्यांनी युरोपीय भाषेत पहिल्यांदाच एवढ्या तपशिलात दाखवलं की हान कचेरी आतून कशी दिसते.

पट्ट्या काय सांगतात

वर शिध्याचा उल्लेख आला. एका शिपायाला महिन्याला ३ शी आणि वर एक तृतीयांश शी इतकं न सडलेलं धान्य मिळे. हान काळातला शी म्हणजे साधारण वीस लिटर, तेव्हा हे झालं सदुसष्ट लिटरच्या आसपास. बायकामुलं बरोबर असतील तर त्यांचा शिधा वेगळा, वयाप्रमाणे आणि बाई की बुवा त्याप्रमाणे कमीजास्त. म्हणजे सीमेवरच्या बुरुजावर कुटुंबं राहत होती, आणि सरकारला त्यातल्या मुलांचं वय माहीत होतं.

दर वर्षी शरद ऋतूत अधिकाऱ्यांची नेमबाजीची परीक्षा व्हायची. बारा बाण मारायचे, सहा लागले की पास. सहाच्या वर लागलेल्या प्रत्येक बाणामागे नोकरीचे पंधरा दिवस जमा. आणि एक नियम असाही होता की उत्तर सीमेवर केलेली काही प्रकारची दोन दिवसांची नोकरी तीन दिवसांची धरावी. आजही दुर्गम भागात बदली झालेला कर्मचारी वेगळी सवलत मागतो, ती मागणी इतकी जुनी आहे.

बढतीसाठी प्रत्येकाचा एक सेवापट असे. त्यात नाव, वय, उंची, गाव, घर कचेरीपासून किती लांब आणि आजवर किती वर्षं, महिने, दिवस नोकरी झाली, हे सगळं. आणि एक ठरलेलं वाक्य: लिहिता येतं, हिशोब येतो, अंमलदार आणि रयत सांभाळता येते, कायदेकानूंची बऱ्यापैकी जाण आहे. कित्येक पट्ट्यांवर हेच वाक्य अक्षरशः जसंच्या तसं. वाळवंटातल्या चौकीवरच्या खालच्या अंमलदाराकडूनही सरकारला कायद्याची जाण हवी होती. हान काळाच्या जुन्या इतिहासांत सद्‌गुणी, ग्रंथ पाठ असलेल्या मंत्र्यांचं एवढं कौतुक आहे की राज्य जणू सदाचरणावरच चाललंय असं वाटावं. पट्ट्यांमधलं राज्य हिशोब, मुदती आणि दंडावर चाललेलं दिसतं. लोवींच्या सगळ्या पुढच्या लेखनाला मला हीच जाणीव पुरलेली दिसते. मोठी तत्त्वं कुणी काय सांगितली हे ते वाचतात, पण लगेच विचारतात की मग हुकूम कसा निघाला, कुणाकडे गेला, अंमल झाला का.

जुयानमध्ये १९७२ ते १९७६ दरम्यान पुन्हा खणलं तेव्हा आणखी वीसेक हजार पट्ट्या मिळाल्या. त्यात इ.स. २७चा एक खटला अख्खा सापडला, छत्तीस पट्ट्यांचा. तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सू नावाचा चौकीचा वरिष्ठ अधिकारी. त्यानं कोउ एन नावाच्या ६६ वर्षांच्या माणसाला ५,००० मासे दूरच्या गावी नेऊन विकायला दिले. बोली ठरली ४ लाख नाण्यांची. मजुरी म्हणून एक बैल आणि धान्य. माशांना भाव आला नाही, तेव्हा कोउ एननं मजुरीचा बैलही विकला आणि सगळे मिळून ३ लाख २० हजार सूच्या बायकोला दिले. ८० हजार कमी पडले. सूनं फिर्याद केली. चौकशीत कोउ एनचं म्हणणं असं की माझ्या मुलानं सूसाठी तीन महिन्यांहून जास्त मासे धरले, त्याची मजुरी मिळालेली नाही, शिवाय माझ्या गाडीचं सामान त्याच्याकडे अडकलंय, हे सगळं धरलं तर देणं फिटून वर उरतं. गावच्या अंमलदारानं जबाब पुन्हा पुन्हा घेतले, खोटं सांगितलं तर काय शिक्षा हे आधी वाचून दाखवलं, आणि चौकशीचा कौल कोउ एनच्या बाजूनं गेला. लष्करी अधिकारी एका बाजूला आणि परगावाहून आलेला म्हातारा दुसऱ्या बाजूला, तरी सारी कागदपत्रं रीतसर. हान राज्य न्यायी होतं असा याचा अर्थ घेऊ नका. एका खटल्यावरून तसं म्हणता येत नाही. पण दाद मागायची वाट होती आणि ती लेखी होती, एवढं नक्की.

दरबारातले दोन सूर

पट्ट्यांनंतर लोवी राजधानीकडे वळले. १९७४ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी इ.स.पू. १०४ ते इ.स. ९ या काळातले नऊ प्रसंग घेतले. त्यातला सर्वांत भयंकर इ.स.पू. ९१चा. सम्राट वू म्हातारा आणि आजारी. कुणीतरी चेटूक केलंय असा संशय. जियांग चोंग या अधिकाऱ्यानं चौकशी सुरू केली, जमिनीत पुरलेल्या बाहुल्या ‘सापडू’ लागल्या आणि अखेर बोट युवराजाकडे वळलं. युवराजानं जियांग चोंगला मारलं, राजधानीत पाच दिवस लढाई झाली, युवराज पळाला आणि पकडला जाणार असं दिसताच त्यानं गळफास घेतला. त्याची आई, सम्राज्ञी, तिनंही आत्महत्या केली. पारंपरिक इतिहासात ही दुष्ट सल्लागाराची आणि भ्रमिष्ट राजाची गोष्ट. लोवींनी मात्र कोण कुणाचा नातेवाईक, कुणाला कधी पद मिळालं, कुणाचं कधी गेलं याचा ताळा मांडला. मग दिसतं ते दोन राण्यांच्या माहेरच्या घराण्यांमधलं वारसाहक्काचं युद्ध. चेटूक निमित्त होतं. पण लोक चेटकावर खरोखर विश्वास ठेवत होते, हेही लोवी विसरत नाहीत, आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

या पुस्तकात त्यांनी दरबारी राजकारणाला एक नवी चौकट दिली. तोवर सगळे ‘कन्फ्यूशियसवादी विरुद्ध कायदावादी’, म्हणजे सदाचरणानं राज्य चालतं म्हणणारे विरुद्ध कडक कायद्यानं चालतं म्हणणारे, अशी विभागणी करायचे. लोवींनी म्हटलं, त्या काळच्या माणसांना ही लेबलं लावणं घाईचं आहे. त्याऐवजी त्यांनी ‘आधुनिक’ आणि ‘सुधारक’ असे दोन सूर मांडले. पहिल्यांचा आदर्श छिन राज्य: सीमा वाढवा, व्यापार काबूत ठेवा, मीठ आणि लोखंड सरकारच्या हाती घ्या, महसूल वाढवा. दुसऱ्यांचा आदर्श त्याहून जुना चौ राजवंश: खर्च कमी करा, मोहिमा थांबवा, लोकांशी व्यापारात स्पर्धा करू नका. इ.स.पू. ८१मध्ये मीठ-लोखंडाच्या मक्तेदारीवर दरबारात प्रसिद्ध वाद झाला. मक्तेदारीचा कर्ता सांग होंगयांग एका बाजूला आणि प्रांतांतून बोलावलेले साठेक विद्वान दुसऱ्या. विद्वानांची भाषणं दणक्यात झाली. प्रत्यक्षात दारूची मक्तेदारी गेली, मीठ-लोखंडाची जवळजवळ तशीच राहिली. सीमेवरच्या त्या शिपायांचा शिधा कुठल्या पैशातून येतो, याचं उत्तर टीकाकारांकडे नव्हतं.

हीच फाळणी पूजेतही दिसते असं लोवी दाखवतात. इ.स.पू. ३१मध्ये दूरदूरच्या ठिकाणच्या जुन्या खर्चिक पूजा बंद करून राजधानीच्या वेशीवर आकाशाची पूजा सुरू झाली. तो सुधारकांचा विजय. ही चौकट आज सगळे जशीच्या तशी मानत नाहीत. ती जरा जास्तच नीटनेटकी आहे, माणसं बाजू बदलतात, एकच मंत्री एका प्रश्नावर इकडे आणि दुसऱ्यावर तिकडे असतो. टीका मला पटते. तरी तिच्यामुळे वांग मांगकडे पाहायची नजर बदलली हे मानावं लागतं. तो अचानक उगवलेला राक्षस उरत नाही, पन्नास-साठ वर्षं चालत आलेल्या सुधारक प्रवाहाचं टोक दिसू लागतो.

दरम्यान १९७२मध्ये छांगशाजवळ मावांगदुई इथं एका सरदाराच्या बायकोची कबर उघडली. बाईचं शरीर इतकं टिकलेलं की पोटात कलिंगडवर्गातल्या फळाच्या बिया मिळाल्या. शवपेटीवर दोन मीटरहून लांब, टी आकाराचं रंगवलेलं रेशीम. १९७९मध्ये लोवींनी त्या चित्राचा, हान काळातल्या काशाच्या आरशांचा आणि पश्चिमेच्या राणीमाता या देवतेचा एकत्र अभ्यास छापला. मेल्यावर आत्म्याचं काय होतं याबद्दल हान लोकांची एकच कल्पना नव्हती आणि एकाच कबरीत दोन-तीन कल्पना सुखानं नांदत, हा त्यातला मुद्दा. चित्राचा त्यांनी लावलेला अर्थ, की ते आत्म्याला अमरांच्या बेटावरून स्वर्गाला नेण्यासाठी आहे, यावर वाद झाले आणि अजून आहेत.

निवृत्तीनंतर

१९८६मध्ये डेनिस ट्विचेट यांच्याबरोबर त्यांनी केंब्रिजच्या चीन-इतिहासमालेतला छिन-हान खंड संपादित केला. तो आजही पहिलं पाऊल म्हणून वाचतात. चार वर्षांनी ते निवृत्त झाले. खरं काम मात्र बरंचसं नंतरचं आहे. १९९३मध्ये प्राचीन चिनी ग्रंथांची मार्गदर्शिका आली. चौसष्ट ग्रंथ, प्रत्येक कधीचा, कुठल्या प्रती, कितपत विश्वासार्ह. हे काम कुणाला चमकदार वाटत नाही, पण कुठल्याही संशोधकाच्या टेबलावर ते असतं. २०००मध्ये छिन, आधीचा (पश्चिम) हान आणि वांग मांग या काळांतल्या सुमारे सहा हजार माणसांचा चरित्रकोश त्यांनी एकट्यानं पुरा केला. वय होतं सत्त्याहत्तर.

२०११ साली, ८८ वर्षांचे असताना, त्यांनी एका मोठ्या समजुतीला हात घातला. शाळेच्या पुस्तकांत असतं की सम्राट वूनं दोंग झोंगशू या विद्वानाच्या सल्ल्यानं कन्फ्यूशियसची शिकवण हा राजधर्म केला. लोवींनी पुरावे एकेक करून तपासले. दोंग झोंगशूचं खात्रीचं लेखन किती, त्याच्या नावावर चालणारा मोठा ग्रंथ खरंच त्याचा किती, त्याच्या हयातीत त्याचं कुणी ऐकलं का. उत्तर असं निघालं की त्याचं हे मोठेपण बऱ्याच अंशी पुढच्या पिढ्यांनी त्याला दिलेलं आहे. एवढ्या उतारवयात माणसं सहसा आपली जुनी मतं राखतात. हे गृहस्थ दुसऱ्यांची दोन हजार वर्षांची मतं खोडत बसले होते.

जियांगसू प्रांतात यिनवान इथं १९९३मध्ये सापडलेल्या कबरीवरही त्यांनी लिहिलं. हान काळातल्या दोंगहाय प्रांताच्या एका अधिकाऱ्यानं, इ.स.पू. १०च्या सुमारास, प्रांताचा वार्षिक ताळेबंद स्वतःबरोबर पुरून घेतला होता. प्रांतात माणसं सुमारे १४ लाख, सरकारी नोकर २,२००च्या आसपास, आणि नव्वदीच्या पुढचे म्हातारे ११,६७०. म्हणजे हजारात आठ जण नव्वदीपार, तेही दोन हजार वर्षांपूर्वी! वृद्ध पुष्कळ म्हणजे कारभार चांगला, असा तेव्हाचा समज. वृद्धांना राजदंडासारखी काठी आणि सवलतीही मिळत. आकडा कुठे फुगला असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. पट्ट्या अस्सल असल्या म्हणून खऱ्या असतातच असं नाही, हे यिनवाननं फार नेमकं शिकवलं. बखर खोटं बोलते तसं ताळेबंदही बोलतो, फक्त त्याची कारणं वेगळी असतात.

हान कारभाराच्या प्रश्नांवरचं त्यांचं आणखी एक पुस्तक २०१६मध्ये आलं, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. पट्ट्या त्यानंतरही बाहेर येतच आहेत. दुनहुआंगजवळच्या एका डाकचौकीत मिळालेल्या वीस हजारांहून जास्त पट्ट्यांमध्ये इ.स.पू. ६२चा कोंबड्यांचा जमाखर्च आहे. कुठल्या पाहुण्यासाठी किती कोंबड्या गेल्या याचा. हुनान प्रांतात लिये गावच्या एका जुन्या विहिरीत २००२मध्ये छिन काळातल्या तीस हजारांहून जास्त पट्ट्या मिळाल्या आणि त्यांची छपाई अजून चालू आहे. त्या वाचणारे तरुण अभ्यासक लोवींची कितीतरी विधानं दुरुस्त करतील. काही तर केलीही आहेत, आणि त्यासाठी त्यांनी उघडलेला कोश बहुधा लोवींचाच असतो.